रस्त्याच्या निविदेत कंत्राटदाराचे जुने काम कसे तपासावे

काम पूर्णत्वाचा दाखला लिहिला जातो त्या दिवशी रस्ता नवाच असतो. काळ्या कपाशीच्या जमिनीवरचा रस्ता कसा झाला हे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर कळते, आणि तोवर तोच दाखला पुढच्या चार निविदांना जोडून झालेला असतो. म्हणून पूर्वअर्हता (कंत्राटदार निविदेला पात्र आहे का) ठरवताना ‘काम समाधानकारक’ या दोन शब्दांवर थांबू नये. काम खरोखर याच माणसाने केले का, मुदतीत आणि दर्जात केले का, आणि दोषदायित्वाच्या काळात (काम संपल्यावर दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ) बोलावल्यावर तो आला का, हे तिन्ही कागदावर आणि रस्त्यावर तपासता येते. सार्वजनिक बांधकाम उपविभागात किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात तांत्रिक लिफाफ्याची (निविदेतल्या पात्रतेच्या कागदांची) छाननी करणाऱ्यांसाठी ही पद्धत दिली आहे. लिफाफा भरणाऱ्या कंत्राटदारालाही ती तेवढीच कामाची आहे.

निकष निविदा सूचनेतच हवेत

लिफाफे उघडल्यावर सुचलेला निकष कितीही योग्य असला तरी तो लावता येत नाही. जुन्या कामाला गुण द्यायचे असतील तर कशाला किती गुण, किमान किती हवेत आणि पुरावा कोणता चालेल, हे सगळे निविदेत छापलेले असावे. मंजूर नमुना निविदेत नसलेली अट उपविभागाने परस्पर घालू नये. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी. नाहीतर तक्रार होते, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाते आणि रस्ता आणखी एक पावसाळा तसाच राहतो. गुणांकन मंजूर होत नसेल तर तीच तपासणी ‘पात्र किंवा अपात्र’ अशा ठरलेल्या अटींच्या रूपात लावता येते.

किमान अनुभवासाठी केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या पत्रातला हिशेब आजही उपयोगी आहे. मागच्या सात वर्षांत पूर्ण झालेली समान स्वरूपाची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या ४० टक्के. किंवा दोन कामे ५० टक्क्यांची. किंवा एकच काम ८० टक्क्यांचे. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. समजा ‘इतर जिल्हा मार्ग’ या वर्गातल्या रस्त्याच्या सुधारणेचे काम ९ कोटींचे आहे. मग तीन कामे प्रत्येकी ३.६० कोटींची, किंवा दोन ४.५० कोटींची, किंवा एक ७.२० कोटींचे लागेल, आणि सरासरी उलाढाल २.७० कोटी. जुन्या कामांची किंमत आजच्या पातळीला आणण्याचा दर निविदेत दिलेला असतो, तोच धरायचा.

‘समान स्वरूपाचे काम’ याची व्याख्या ढिली ठेवली की पुढचे सगळे बिघडते. नुसते ‘रस्त्याचे काम’ लिहिले तर सीलकोटचे नूतनीकरण, गावातला काँक्रीट रस्ता आणि मोऱ्यांसह मातीकामापासून केलेला रस्ता एकाच तराजूत येतात. काळ्या मातीच्या भागातल्या कामासाठी व्याख्येत थरांची नावे घाला: भराव व सबग्रेड (रस्त्याखालचा दाबलेला मातीचा थर), जीएसबी (त्यावरचा खडी-मुरमाचा पाया), डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर) आणि हॉटमिक्स डांबरी थर असलेले, मोऱ्यांसह पूर्ण केलेले काम. मात्र व्याख्या इतकी आवळू नका की जिल्ह्यात एकच माणूस तिच्यात बसेल.

दाखला खरा का, आणि काम कोणी केले

दाखल्यावर कार्यकारी अभियंत्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची सही, जावक क्रमांक आणि तारीख हवी. मजकुरात करारनामा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख, मूळ मुदत, वाढीव मुदत, प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख, अंतिम देयकाची रक्कम आणि दंड केला का, हे असावे. यातले काही नसेल तर निविदेतल्या तरतुदीप्रमाणे खुलासा मागवा. पडताळणीचे पत्र त्या कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा. दाखल्यावर छापलेल्या मोबाईल नंबरवर विचारून भागवू नका. पत्रात ‘दाखला खरा आहे काय’ एवढेच विचारले तर उत्तर ‘होय’ एवढेच येते. जावक क्रमांक, अंतिम रक्कम, मुदतवाढीचे महिने, दंड आणि दोषदायित्वाच्या काळात दिलेल्या नोटिसा, असे पाच मुद्दे क्रमांक टाकून विचारा.

पैशाचा माग फॉर्म २६ एएस मध्ये सापडतो. देयक देताना कार्यालयाने कापलेला आयकर तिथे कापणाऱ्याच्या नावासह आणि टॅनसह (करकपात करणाऱ्याचा खाते क्रमांक) दिसतो, शेजारी दिलेली रक्कमही दिसते. दाखल्यातली वर्षवार रक्कम आणि ही रक्कम जवळपास जुळायला हवी. मार्चअखेरचे देयक पुढच्या वर्षात गेल्याने येणारा फरक समजून घेता येतो, दीड-दोन कोटींचा येत नाही. सनदी लेखापालाच्या उलाढाल प्रमाणपत्रावर युडीआयएन हा त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांना तो बंधनकारक आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकून प्रमाणपत्रातले आकडे तेच आहेत ना, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

खरी अडचण लायसन्स दुसऱ्याला वापरायला देण्याची आहे. करार एकाच्या नावावर, देयक त्याच्याच खात्यात, आणि काम मात्र कुलमुखत्यारपत्रावर भलत्यानेच केलेले. अशा वेळी २६ एएसही जुळते. मग डांबराची चलने पाहा. रिफायनरीच्या चलनावर माल कोणाच्या नावावर उचलला आणि कोणत्या प्लांटला उतरला, हे लिहिलेले असते. गौण खनिजाचे वाहतूक परवाने कोणाच्या नावावर आहेत, साइट ऑर्डर बुकावर (जागेवरच्या लेखी सूचनांची वही) कंत्राटदारातर्फे सह्या कोणी केल्या, प्रयोगशाळेत नमुने घेऊन कोण जात होते, हेही पाहा. सहा महिन्यांच्या साइट ऑर्डर बुकात फर्मच्या अभियंत्याची एकही सही नसेल आणि सगळीकडे तिसऱ्याचेच नाव असेल, तर तो अनुभव फर्मचा म्हणून धरण्यापूर्वी लेखी खुलासा घ्या. भागीदारीतल्या जुन्या कामाचे श्रेय करारातल्या हिश्श्याएवढेच. ३० टक्के भागीदाराने १० कोटींचे पूर्ण काम आपले म्हणून दाखवले तर ३ कोटीच धरायचे.

हातातली कामे आणि बिड क्षमता

बिड क्षमता म्हणजे कंत्राटदार आणखी किती रकमेचे काम पेलू शकतो तो आकडा. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: अ × न × म − ब. ‘अ’ म्हणजे मागच्या पाच वर्षांत एका वर्षात केलेले जास्तीत जास्त काम, आजच्या किमतीला आणून. ‘न’ म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत. ‘म’ हा गुणक कुठे २, कुठे २.५; निविदेत छापला असेल तोच. ‘ब’ म्हणजे त्या मुदतीत पूर्ण करायची हातातली कामे. गोम या ‘ब’ मध्ये असते.

वरच्याच ९ कोटींच्या कामाची मुदत एक वर्ष धरा. कंत्राटदाराचा ‘अ’ १४ कोटी, गुणक २, म्हणजे २८ कोटी. प्रतिज्ञापत्रात त्याने हातातली दोन कामे दाखवली, शिल्लक ११ कोटी. क्षमता १७ कोटी, पात्र. पण शेजारच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेची आणखी दोन कामे त्याच्याकडे असून शिल्लक १०.५० कोटी आहे, हे त्याने लिहिलेच नाही. ती धरली की क्षमता ६.५० कोटींवर येते आणि तो अपात्र ठरतो. म्हणून ‘ब’ त्याच्या शब्दावर सोडू नका. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरची त्याच्या नावाची मंजूर कामे, शेजारच्या विभागांची चालू कामांची यादी आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची ओम्मास या ऑनलाइन प्रणालीवरची माहिती एकत्र ठेवून पाहा. यवतमाळला निविदा असेल तर वर्धा, चंद्रपूर, अमरावती, वाशिम या जिल्ह्यांना यादी मागवणारे पत्र निविदा प्रसिद्ध होताच पाठवा. लिफाफे उघडल्यावर पाठवलेल्या पत्राचे उत्तर वेळेत येत नाही.

मोठ्या कंपनीलाही हे लागू आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती–अकोला भागाचे काम आधीच्या कंपनीची आर्थिक घडी विस्कटल्याने रखडले होते. त्याच भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेवर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. मार्ग तोच, फरक पैसा, प्लांट आणि माणसे वेळेवर हजर असण्याचा. झालेल्या कामांची यादी पाहताना आज हात किती मोकळे आहेत, हेही पाहावे लागते.

मुदतीचा हिशेब

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत लागलेल्या वेळेला, मूळ मुदत अधिक समर्थनीय मुदतवाढ या बेरजेने भागतात. १२ महिन्यांचे काम २० महिन्यांत झाले आणि त्यात विजेचे खांब हलवायला लागलेले ३ महिने विभागाच्या खात्यातले, तर २० भागिले १५, म्हणजे १.३३. एक खबरदारी घ्या: मुदत ‘पावसाळ्यासह’ होती की ‘पावसाळा वगळून’, हे कार्यारंभ आदेशावरून आधी पाहा. हे न पाहता दोन कामांची तुलना केली की चार महिन्यांची चूक सहज होते.

मुदतवाढ ‘दंडाविना’ मंजूर आहे एवढ्यावर कंत्राटदाराला निर्दोष धरू नका. निधी नसल्याने देयक अडकले आणि म्हणून काम थांबले, हा दोष त्याचा नाही. पण वनविभागाची परवानगी आलेली, जागा मोकळी, देयकही दिलेले, आणि पेव्हर (डांबरी थर पसरणारे यंत्र) दुसऱ्या साइटवर, असे असेल तर दिरंगाई त्याचीच. साइट ऑर्डर बुकातल्या तारखा आणि देयकांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की हे उघड दिसते.

रस्त्यावर जाऊन काय पाहायचे

यादीतली किमान दोन कामे पाहा. एक कंत्राटदाराने सुचवलेले, दुसरे समितीने निवडलेले, आणि दोन्हींनी दोन पावसाळे पाहिलेले. वेळ शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबर; पावसाचे नुकसान ताजे असते आणि खड्डे अजून बुजवलेले नसतात. काळ्या मातीतल्या भेगा मात्र एप्रिल-मेमध्येच पुऱ्या उघडतात.

प्रत्येक किलोमीटरमध्ये १०० मीटरचा एक तुकडा चिठ्ठी टाकून निवडा. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर तो ३७५ चौरस मीटरचा होतो. त्यात खड्ड्यांची संख्या, भेगाळलेले क्षेत्र, तुटलेल्या कडेची लांबी आणि तीन मीटरच्या सरळ पट्टीखाली चाकोरीत पडलेली फट लिहा. भेगाळलेले क्षेत्र १८-१९ चौरस मीटर भरले की ते ५ टक्के झाले. शिवाय सगळ्या मोऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर पाहा, कारण तिथली भरणी थराथराने दाबली नाही तर मोरी जागेवर राहते आणि रस्ता बसतो. गाडी मोरीवर चढताना आणि उतरताना आदळते तिथे उतरून पट्टी लावा आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहा.

कुठला दोष कंत्राटदाराचा आणि कुठला नाही, हे ओळखण्यातच तपासणाऱ्याचा कस लागतो. कडेपासून हात-दीड हात आत, रस्त्याला समांतर जाणारी लांब भेग बहुधा मातीच्या फुगण्या-आकसण्याची असते. साइडपट्टीला मुरूम टाकायचा करारात होता आणि तिथे काळी मातीच भरलेली दिसली, तर ती भेग त्याच्या खात्यात. अंदाजपत्रकातच मुरमाची साइडपट्टी नव्हती, तर ती आखणी करणाऱ्याच्या खात्यात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात चांगला मुरूम लांबून आणावा लागतो, त्यामुळे अदलाबदलीचा मोह तिथे जास्त. साइडपट्टी पहारीने वीतभर उकरून पाहिली की रंगावरूनच कळते. डांबरी थराची जाडी शंका आली तरच कोअर (यंत्राने कापून काढलेला गोल नमुना) काढून मोजा आणि मोजमाप पुस्तकाशी ताडा; कोअरचा खड्डा त्याच दिवशी बुजवून घ्या.

पूर्व विदर्भाचा हिशेब वेगळा. गडचिरोलीत वर्षाला सरासरी १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बुलढाण्यात त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. भंडारा-गोंदियात धानाच्या बांध्यांमधून जाणारा भराव महिनोन्‌महिने पाण्यात भिजतो, आणि केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाके) लावलेले ट्रॅक्टर डांबरी थर अक्षरशः खरवडून काढतात. रस्त्यावर आडवे, सारख्या अंतराचे ओरखडे दिसले तर त्यासाठी कंत्राटदाराचे गुण कापू नका. वणी-चंद्रपूरचा कोळसा किंवा सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकखाली ग्रामीण रहदारीसाठी आखलेला रस्ता दबला, तर तेही त्याचे नाही. पाइपलाइनसाठी शेतकऱ्याने कापलेला चर सरळ रेषेत, आडवा, एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला शेत असा दिसतो. तो वेगळा लिहावा.

याउलट ठिकठिकाणी सुटलेली बारीक खडी, हाताने उकरली तर निघणारा थर, मोरीच्या दोन्ही बाजूंची खोल बैठक, गावठाणात नाली न काढल्याने तुंबलेल्या पाण्याशेजारचे खड्डे, हे पाहताना करारातले परिमाण हातात ठेवा. नाली करारात होती आणि देयकात मोजली गेली, पण जागेवर नाही, तर प्रश्न गुणांच्या पलीकडे जातो. तो वरिष्ठांना लेखी कळवावा लागतो.

दोषदायित्वाचा काळ

माणसाची पारख इथे होते, म्हणून या भागाला गुण देताना हात आखडू नये. नोटीस कधी दिली, दुरुस्ती कधी सुरू झाली, किती दिवसांत संपली, कोणाच्या खर्चाने झाली, आणि तोच खड्डा पुन्हा पडला का? सुरक्षा अनामत परत करताना उपअभियंत्याने काय लिहिले, हेही पाहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षे देखभाल त्याच कंत्राटदाराकडे असते आणि तिची देयके ई-मार्ग या ऑनलाइन प्रणालीवर रस्त्याच्या स्थितीनुसार निघतात. ज्याची देखभालीची देयके सलग निघाली, तो रस्त्यावर येत होता. राज्य व राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकांची समाधानकारक, सुधारणा आवश्यक, असमाधानकारक अशी श्रेणीही ओम्मासवर असते. एकदा ‘असमाधानकारक’ शेरा मिळाला म्हणून काट मारू नका. तो दुरुस्त करायला तीस दिवस लागले की तीनशे, त्यावर गुण द्या.

गुण कसे द्यावेत

जुन्या कामासाठी १०० गुण धरले तर आमच्या मते वाटणी अशी असावी: मुदत २०, बांधकाम चालू असतानाच्या चाचण्या व निरीक्षण अहवाल २५, पावसाळ्यांनंतरची स्थिती ३०, दोषदायित्वातला प्रतिसाद २५. एकूण ६० हवेत आणि प्रत्येक भागात निम्मे तरी. ‘प्रत्येक भागात निम्मे’ ही अट सोडू नका, नाहीतर झटपट काम करून गायब होणारा एकूण बेरजेत तरून जातो. समितीतल्या प्रत्येकाने गुण स्वतंत्र द्यावेत आणि १० पेक्षा जास्त फरक पडेल तिथे कारण लिहावे.

कमी गुणांसाठी दार बंदच करावे लागते असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या परिवहन विभागात कंत्राटदाराची कमाल क्षमता काढताना निव्वळ मालमत्तेला एका क्षमता घटकाने गुणतात, आणि तो घटक जुन्या कामांच्या मूल्यमापनावरून ठरतो. काम वाईट केले की पुढचे काम लहान मिळते. हा मार्ग आपल्याकडेही रास्त वाटतो, मात्र तो आधी नियमात यायला हवा.

नोंदच नसलेला नवा माणूस आणि वाईट नोंद असलेला जुना माणूस यांना एकाच रांगेत बसवू नका. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्या राखीव कामांना ही तपासणी जशीच्या तशी लावली तर जिल्ह्यात नवा कंत्राटदार तयारच होणार नाही. त्यांच्यासाठी लहान कामे, जवळची देखरेख आणि पहिल्या दिवसापासून नोंद.

अपात्र ठरवताना कारण एका वाक्यात आणि पान क्रमांकासह लिहा: ‘पान ४७ वरील प्रतिज्ञापत्रात अमुक करारनाम्यांची शिल्लक रक्कम दर्शविलेली नाही, ती धरता बिड क्षमता ६.५० कोटी येते.’ ‘पूर्वीचे काम असमाधानकारक’ एवढेच लिहिलेला निर्णय टिकत नाही. काळ्या यादीत टाकणे ही वेगळी कारवाई आहे. तिच्यासाठी कारणे दाखवा नोटीस हवी आणि नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख हवा किंवा तो हेतू तिच्यातून स्पष्ट कळायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणात सांगितले आहे. छाननीच्या टिपणीत ती मागच्या दाराने आणू नका.

चालू कामाची नोंद आजपासून

वरची सगळी तपासणी जुन्या कार्यालयांनी काय लिहून ठेवले त्यावर उभी आहे, आणि बहुतेकांनी फारसे लिहिलेले नसते. आपल्या कामांपुरते हे सुधारता येते. दर सहा महिन्यांनी प्रत्येक कामाचे एक पान करा: नियोजित व प्रत्यक्ष प्रगती, नापास चाचण्या व त्यांचे काय झाले, साइटवरचा अभियंता, यंत्रसामग्री, दिलेल्या नोटिसा व उत्तराचे दिवस. पानाची प्रत कंत्राटदाराला पोच घेऊन द्या आणि म्हणणे मांडायला १५ दिवस द्या. त्याचे उत्तर त्याच पानामागे लावा. त्याला कधीच न दाखवलेला शेरा पुढे पूर्वअर्हतेत त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. काम संपल्यावर प्रत्येक पावसाळ्यानंतर ठरलेल्या त्याच किलोमीटर दगडांपाशी, त्याच बाजूने फोटो काढा, म्हणजे वर्षावर्षाची तुलना करता येते. शाखा अभियंत्याची बदली झाली की मोजमाप पुस्तके कार्यभार यादीत जातात आणि ही पाने कपाटात राहतात. म्हणून त्यांना नोंदवहीचा क्रमांक द्या आणि तो क्रमांक कार्यभार यादीत लिहून घ्या.